आपल्या नळीला मानवणारा लॉट कसा शोधावा: पॉइंट टू-टू काडतुसांची पद्धतशीर चाचणी

गेल्या डिसेंबरमध्ये पुण्यातील बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर सकाळी सव्वासात वाजता माझ्या एका विद्यार्थिनीने पन्नास मीटरवर दहा राउंडचा, म्हणजे दहा काडतुसांचा, एक ग्रुप (टार्गेटवरील छिद्रांचा समूह) काढला, ज्यातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमध्ये अवघे १२.१ मिलिमीटर अंतर होते. तिने मान वर करून म्हटले, "सर, हाच लॉट. आता बाकीचे लावायलाच नकोत." मी तिला तोच लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली तीच काडतुसे, पुन्हा लावायला सांगितला. त्याच रायफलीतून, त्याच खोक्यातील दहा राउंडचा पुढचा ग्रुप १८.४ मिलिमीटरचा निघाला. तिचा चेहरा उतरला, आणि खरी चाचणी तिथून सुरू झाली.

त्याच दिवशी चहाच्या वेळी तिने दुसरा प्रश्न विचारला. परदेशातील नेमबाज स्वतःची काडतुसे स्वतः भरतात, कोणी तर कारखान्यात मिळत नाही असे नवेच काडतूस घडवतात, मग आपण बाजारात मिळेल त्यातून निवडतच का बसायचे? प्रश्न रास्त होता. अशा स्वरचित काडतुसाला तिकडे 'वाइल्डकॅट' म्हणतात. जुन्या काडतुसाची मान आवळून त्यात लहान व्यासाची गोळी बसवायची, मागे दारू जास्त ठेवायची आणि वेग वाढवायचा, अशी त्यामागची कल्पना असते. आज सर्वत्र मिळणारे .२२-२५० रेमिंग्टन हे काडतूस अनेक वर्षे असेच हौशी लोकांच्या हातांत वाढले आणि १९६५ मध्ये कारखान्याच्या यादीत आले. परंतु त्या काडतुसाची दाबाची अमेरिकन मर्यादा दर चौरस इंचाला ६५ हजार पौंड आहे, तर आपल्या पॉइंट टू-टू लाँग रायफलची सुमारे २४ हजार. इतका दाब मोजायला खास चाचणीची नळी आणि दाबमापक लागतात, डोळ्यांनी त्याचा अंदाज येत नाही. शिवाय आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, आणि खेळाडूचा परवाना काडतुसे विकत घेऊन वापरण्यासाठी असतो. ज्या शहरात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची मोठी प्रयोगशाळा आहे, त्या पुण्यात हे काम कोणाचे आहे हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

शिवाय पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस आहे. त्याचे स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते, त्यामुळे झाडलेली पुंगळी पुन्हा भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या हाती उरते ती निवड. ती नीट केली, तर गुणांत पडणारा फरक लहान नसतो.

वेगाचा मोह

नवशिक्याला वाटते की गोळी जितकी वेगवान तितकी ती सरळ जाणार. रिमफायरच्या बाबतीत ही समजूत सोडावी लागते. स्पर्धेसाठी बनवलेल्या पॉइंट टू-टू राउंडचा नळीच्या तोंडाशी वेग साधारण ३२५ ते ३३१ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे जाणूनबुजून ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. हवेतील ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तो सुमारे ३३८ मीटर असतो आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना सुमारे ३५४. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकदम वाढतो. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेले राउंड सुमारे ३८० मीटर वेगाने निघतात आणि पन्नास मीटर जाईपर्यंतच आपला बराचसा वेग गमावतात.

वाऱ्याने गोळी किती सरकते हे तिच्या वेगावर जितके अवलंबून नसते, तितके वाटेत तिला होणाऱ्या विलंबावर असते. हवा नसती तर गोळीला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त लागला, त्या जादा वेळाला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले की सरक मिळते. ३३० मीटर वेगाच्या राउंडला पन्नास मीटरसाठी हा जादा वेळ सेकंदाच्या सहा हजारांश भागाच्या आसपास असतो, म्हणून एक मीटर प्रतिसेकंद आडवा वारा गोळीला सुमारे ६ मिलिमीटर ढकलतो. वेगवान राउंडचा जादा वेळ अधिक असल्यामुळे तो वाऱ्यात अधिक सरकतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात वेगवान राउंडची दोन खोकी मोठ्या उत्साहाने आणून वाया घालवली आहेत.

म्हणून किती वेग आहे याची फार चिंता करू नये. एका राउंडपासून दुसऱ्या राउंडपर्यंत तो किती बदलतो, याकडे लक्ष द्यावे. पन्नास मीटरच्या प्रवासात गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते आणि ही घट वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेगात एक टक्का, म्हणजे ३.३ मीटरचा फरक पडला की गोळी सुमारे अडीच मिलिमीटर वर किंवा खाली लागते. एकाच खोक्यातील सर्वांत जलद आणि सर्वांत संथ राउंडमध्ये १० मीटरचा फरक असेल, तर नुसत्या त्यामुळे ग्रुप साडेसात मिलिमीटर उभा ताणला जाऊ शकतो. काही नळ्यांचे तोंड गोळी सुटण्याच्या क्षणी वर जात असते आणि संथ गोळी थोडी उशिरा, म्हणजे थोडी वर रोखलेली असताना सुटते, त्यामुळे ही चूक अंशतः भरून निघते. एकच लॉट एका रायफलीत गोड लागतो आणि शेजारच्या लेनवरील तशाच रायफलीत पसरतो, त्याचे हे एक कारण आहे.

फरक किती, आणि तो कोणाला जाणवतो

चाचणीवर राउंड खर्च करण्यापूर्वी फायदा किती होईल याचा हिशेब करावा. पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे आणि गोळीचा ५.६. गोळीची कड वर्तुळाला स्पर्शली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचे केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत असेल तर १०.०, आणि तिथून आत दर ०.८ मिलिमीटरला गुणाचा एक दशांश वाढत १०.९ पर्यंत जातो.

समजा, एखाद्या लॉटचे दहा राउंडचे ग्रुप सरासरी १५ मिलिमीटर येतात आणि दुसऱ्याचे १२. लेटून मारताना नेमबाजाची स्वतःची चूक साधारण या राउंडच्या चुकीइतकीच असेल, तर या दोन चुका बेरजेने नव्हे तर वर्गांच्या बेरजेने एकत्र येतात. असा हिशेब केला तर गोळीचे मध्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे ७.० वरून ६.३ मिलिमीटरवर येते. दर राउंडला पाऊण दशांशाहून थोडे अधिक, म्हणजे साठ राउंडच्या प्रोन (लेटून मारायच्या) स्पर्धेत साडेचार ते पाच गुण. उभ्याने मारताना नेमबाजाचा स्वतःचा थरथराट मोठा असतो आणि हा फायदा त्यात बराचसा बुडून जातो. ज्याची उभ्याची सरासरी अजून नऊच्या आसपास आहे, त्याने लॉट शोधण्याऐवजी ट्रिगरवर वेळ घालवावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. पालकांना हे आवडत नाही, कारण खोके विकत घेता येते आणि ट्रिगर विकत घेता येत नाही. पण वरच्या पातळीवर गणित बदलते. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या आणि बालेवाडीत सराव करणाऱ्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, लेटून आणि उभ्याने मारायच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. तिथे प्रत्येक राउंड दशांशांत मोजला जातो.

रेंजवर जाण्यापूर्वी

खोक्यावर छापलेला लॉट क्रमांक ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. नाव, रंग आणि किंमत तीच असली तरी लॉट बदलला की दारूची खेप, पुंगळ्यांची खेप, यंत्राची जुळणी यांपैकी काहीतरी बदललेले असते. त्यामुळे "अमुक कंपनीचे राउंड माझ्या रायफलीला चालतात" हे वाक्य अर्धवट आहे. काही उत्पादक खोक्यावर त्या लॉटचा मोजलेला वेगही छापतात. तो वहीत उतरवून घ्यावा, पण त्यावरून निवड करू नये. एली, लापुआ आणि आरडब्ल्यूएस या तिन्ही उत्पादकांची युरोपात स्वतःची चाचणी केंद्रे आहेत, जिथे रायफलीची नळी शिकंजात आवळून एकामागून एक लॉट मारून पाहतात. भारतीय संघातील नेमबाजांना तिकडच्या दौऱ्यात ती सोय साधता येते. आपल्याला ती नाही, म्हणून आपण रेंज, वाळूची पिशवी आणि वही यांवर काम भागवतो.

पहिल्या फेरीसाठी परवानाधारक विक्रेत्याकडे उपलब्ध असलेल्या लॉटपैकी चार ते सहा लॉटचे प्रत्येकी एक खोके, म्हणजे पन्नास राउंड, घ्यावे. दहा-बारा लॉटच्या मागे लागू नये, कारण परवान्यावरील खरेदीची मर्यादा आणि खिसा दोन्ही लवकर संपतात. प्रत्येक खरेदीची आणि प्रत्येक झाडलेल्या राउंडची नोंद नियमाप्रमाणे ठेवावी. चाचणीच्या दिवशी रेंज अधिकाऱ्यांना आधी कल्पना देऊन एक लेन अडीच-तीन तासांसाठी मागून घ्यावी. आमच्याकडे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ती मिळते; रविवारी मात्र हिंजवडीच्या रस्त्यावर जेवढी गर्दी असते तेवढीच लेनवर असते.

रायफलीची तयारी आदल्या दिवशी करावी. ॲक्शन (बोल्ट आणि चेंबरचा भाग) लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या स्टॉकला आवळणारे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या मापावर टॉर्क रेंचने आवळावेत आणि ते माप लिहून ठेवावे. साईटचा कुठलाही भाग हलतो आहे का हे हाताने तपासावे. या दोन गोष्टी न केल्यामुळे मी एकदा संपूर्ण सकाळभर लॉटची चाचणी समजून सैल स्क्रूची चाचणी केली होती. चार लॉट नापास केले आणि पाचव्याला नापास करताना ॲक्शन बोटाने हलताना दिसली. ते सर्व राउंड, अर्थातच, गेले.

नळी आदल्या दिवशी नेहमीच्या पद्धतीने साफ करावी, परंतु दोन लॉटच्या मध्ये ती साफ करू नये. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते आणि प्रत्येक उत्पादकाचे वंगण थोडे वेगळे असते. लॉट बदलल्यावर आधीच्या वंगणाचा थर जाऊन नव्याचा थर बसेपर्यंत ग्रुप विस्कटलेले राहतात. यासाठी लॉट बदलताना दहा राउंड मातीत मारून टाकावेत आणि ते मोजणीत धरू नयेत. हे दहा राउंड वाचवण्याचा मोह सर्वांनाच होतो.

बसण्याची पद्धत

लॉटची चाचणी टेबलावर बसून, पुढे वाळूची भक्कम पिशवी किंवा रेस्ट आणि मागे लहान पिशवी लावून करावी, आणि शक्य असल्यास साईटच्या जागी दुर्बीण चढवावी. आपल्याला मोजायचे आहेत राउंड, माणूस नव्हे, म्हणून माणसाचा हिस्सा जेवढा कमी करता येईल तेवढा करावा. पिशवीवर स्टॉकचा नेमका तोच भाग प्रत्येक वेळी टेकला पाहिजे. मी स्टॉकवर पेन्सिलने एक बारीक रेघ मारतो आणि पिशवीची कड तिला जुळवतो. नळी कधीही पिशवीवर टेकवू नये. खांद्याचा दाब, गालाचा दाब आणि ट्रिगर ओढण्याची गती एकसारखी ठेवावी. शेवटच्या टप्प्यात मात्र निवडलेला लॉट स्लिंग (रायफल स्थिर धरण्यासाठी दंडाला बांधायचा पट्टा) लावून, लेटून, जॅकेटसह मारून पाहावा लागतो, कारण स्लिंगचा ताण नळीचे कंपन बदलतो. टेबलावर पहिला आलेला लॉट लेटून दुसरा आल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

वेग मोजायचा असेल तर क्रोनोग्राफ नळीपासून काही अंतरावर वेगळ्या स्टँडवर ठेवावा. नळीवर बांधायचा क्रोनोग्राफ सोयीचा असला तरी त्याचे वजन नळीचे कंपन बदलते, म्हणून ग्रुप काढताना तो लावू नये. वेगाची मोजणी वेगळ्या दहा राउंडवर करावी. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ ट्यूबलाइटखाली भलतेच आकडे दाखवू शकतो. दहा राउंडच्या वेगाचे प्रमाण विचलन अडीच मीटरच्या आत असेल तर तो लॉट चांगला समजावा.

सुरक्षेबाबत नेहमीचे नियम या दिवशी दुप्पट कडक असावेत, कारण आपले लक्ष आकड्यांत गुंतलेले असते. कोणीही फायरिंग रेषेच्या पुढे जाण्यापूर्वी सर्व रायफली रिकाम्या, बोल्ट उघडे आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याचे दाखवणारी पट्टी), हे ठरलेले. ट्रिगर ओढूनही राउंड सुटला नाही तर नळी टार्गेटकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि टार्गेटवर छिद्र नसेल, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढचा राउंड भरणे म्हणजे नळी फोडणे, म्हणून ती तपासल्याशिवाय एकही राउंड भरू नये. न सुटलेले राउंड घरी नेऊ नयेत, रेंजच्या नोंदीत लिहून तिथेच जमा करावेत.

क्रम आणि लपवाछपवी

पुण्यात हिवाळ्यातील सकाळ सात ते नऊ या वेळेत बहुतेकदा शांत असते, मग ऊन तापू लागते आणि झेंडे हलायला लागतात. सर्व राउंड ओळीने, म्हणजे आधी पहिला लॉट पूर्ण आणि मग दुसरा, असे मारले तर पहिल्या लॉटला शांत हवा आणि शेवटच्याला वारा मिळतो, आणि आपण लॉटऐवजी घड्याळाला पदक देतो. यावर सोपा उपाय म्हणजे जाताना अ, ब, क, ड, इ आणि येताना इ, ड, क, ब, अ असा क्रम ठेवणे. प्रत्येक लॉटला एक ग्रुप सकाळच्या आणि एक नंतरच्या हवेचा मिळतो, आणि मधल्या लॉटची सरासरी वेळही तीच येते. टेबलाच्या सावलीत एक थर्मामीटर ठेवून प्रत्येक ग्रुपपुढे तापमान लिहावे. राउंडचे खोके उन्हात ठेवू नये, त्यावर रुमाल टाकावा.

दुसरी गोष्ट थोडी नाटकी वाटेल, पण मी तिच्यावर ठाम आहे. कोणता लॉट कोणत्या अक्षराचा हे मारणाऱ्याला माहीत नसावे. मित्राने राउंड साध्या, फक्त अक्षर लिहिलेल्या ट्रेमध्ये काढून द्यावेत आणि मूळ खोकी स्वतःकडे ठेवावीत. महाग राउंड मारताना माणूस नकळत अधिक काळजीने मारतो. माझ्या विद्यार्थिनीने त्या दिवशी १२.१ मिलिमीटरचा ग्रुप काढला तो 'अ' म्हणजे सर्वांत महाग लॉट होता, आणि तिला ते ठाऊक होते. माझ्याकडून झालेली ती चूक होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ट्रे बदलले.

मोजणी

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक राउंडचे स्थान आणि दशांशातील गुण आपोआप मिळतात. कागदी टार्गेटवर मारत असाल तर छिद्र गोळीपेक्षा लहान दिसते, कारण कागदाचे तंतू परत आत येतात. त्यामुळे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून सरळ ५.६ मिलिमीटर वजा करणे चुकीचे ठरते. त्याच कागदाच्या कोपऱ्यात एक सुटा राउंड मारावा, त्याची काळी कड व्हर्नियर कॅलिपरने मोजावी आणि तेवढे वजा करावे. कागदामागे पुठ्ठा घट्ट लावला तर छिद्रे स्वच्छ पडतात.

बहुतेक जण ग्रुपमधील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांचे अंतर मोजून थांबतात. हे माप दहापैकी दोनच राउंडवर ठरते आणि आठ राउंडची माहिती फुकट जाते. वेळ असेल तर ग्रुपचा मध्य काढून प्रत्येक राउंडचे त्यापासूनचे अंतर मोजावे आणि त्याची सरासरी घ्यावी. टार्गेटने गुण दिले असतील तरीही मध्याचा विचार करावा लागतो, कारण साईट दोन क्लिक बाजूला असल्यामुळे चांगला लॉट कमी गुण दाखवू शकतो. चाचणीच्या मधे साईट हलवू नये. ग्रुप टार्गेटवर कुठे पडतो याला महत्त्व नाही.

आणि "तो एक राउंड माझ्याकडून सुटला" असे म्हणून छिद्र वगळू नये. ट्रिगर सुटतानाच तोंडाने "गेला" म्हटले असेल तरच वगळावे. टार्गेट पाहिल्यावर नाही.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

आता त्या सकाळची वही उघडतो. पहिल्या फेरीत प्रत्येक लॉटचे दहा राउंडचे दोन ग्रुप होते. अ चे १२.१ आणि १८.४, ब चे १६.० आणि १५.२, क चे २१.५ आणि १९.८, ड चे १४.९ आणि १७.३, इ चे १८.८ आणि २२.०, सर्व मिलिमीटरमध्ये. क आणि इ बाद केले. दोन ग्रुपवरून एखादा लॉट बाद करणे थोडे घाईचे असते, पण वीसच्या आसपासचे दोन ग्रुप ज्याने दाखवले त्याच्यावर आणखी राउंड खर्च करणे परवडत नाही.

दुसऱ्या फेरीत, आठ दिवसांनी, उरलेल्या तीन लॉटचे प्रत्येकी चार ग्रुप काढले. क्रम अ, ब, ड आणि मग ड, ब, अ, दर वेळी दोन ग्रुप. अ चे १७.६, १९.२, १५.८, २०.१ आले, ब चे १४.६, १६.८, १३.९, १५.५ आणि ड चे १६.४, १४.२, १८.०, १५.९. सरासरी अनुक्रमे १८.२, १५.२ आणि १६.१.

इथे एक बारकावा आहे. अ, ब आणि ड हे पहिल्या फेरीत चांगले दिसले म्हणूनच दुसऱ्या फेरीत आले, त्यामुळे त्यांच्या पहिल्या फेरीच्या आकड्यांत नशिबाचा थोडा वाटा आधीच मिसळलेला आहे. तो १२.१ चा ग्रुप सरासरीत घेतला तर अ लॉट फुकटचा वर चढतो. निर्णय दुसऱ्या फेरीच्या आकड्यांवर घ्यावा, पहिली फेरी फक्त चाळणी समजावी.

राउंड, नळी आणि हवा यांत काहीही न बदलता दहा राउंडचे ग्रुप मारत राहिलो, तरी त्यांची मापे केवळ योगायोगाने सरासरीच्या साधारण वीस टक्के इकडेतिकडे होतात. १५ मिलिमीटर सरासरी असलेल्या लॉटचे तीनपैकी दोन ग्रुप १२ ते १८ च्या दरम्यान येतील आणि उरलेला एक त्याच्याही बाहेर जाईल. पाच राउंडच्या ग्रुपमध्ये हा चढउतार सत्तावीस टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तीन राउंडच्या ग्रुपवर तर काहीच बोलू नये. चार ग्रुपची सरासरी घेतली की अनिश्चितता निम्मी, म्हणजे दहा टक्क्यांवर येते. यावरून वहीतले आकडे असे वाचावेत: ब आणि ड यांच्यातील ०.९ मिलिमीटरचा फरक निव्वळ योगायोग असू शकतो, अ मात्र बहुधा खरोखरच मागे आहे. "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तो काढून टाकायचा असेल तर आणखी शंभर-दीडशे राउंड लागतील, आणि तेवढे राउंड खर्च करण्यापेक्षा ते सरावाला वापरलेले बरे.

ब आणि ड यांच्यात निवड करताना मग दुसरे निकष पुढे येतात. ड चे ग्रुप उभे ताणलेले होते आणि क्रोनोग्राफवरही त्याच्या वेगाचा पसारा ब पेक्षा अधिक होता, म्हणजे दोन वेगळ्या मोजण्या एकच गोष्ट सांगत होत्या. शेवटी दोन्ही लॉट स्लिंग लावून प्रत्येकी वीस राउंड मारले, त्यातही ब कुठे कमी पडला नाही. ब ठरला. मित्राने खोकी उघडून दाखवली तेव्हा तो पाचांतला मधल्या किमतीचा लॉट निघाला, आणि विद्यार्थिनीच्या वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिल्या फेरीत ग्रुपचे शंभर आणि वंगण बसवण्याचे नव्वद, दुसऱ्या फेरीत एकशेवीस आणि पन्नास, असे तीनशेसाठ राउंड. वेगाची मोजणी आणि स्लिंगवरील राउंड धरून चारशेच्या पुढे. हे पाहून छाती दडपते, पण पाच हजारांच्या पेटीपुढे हा खर्च आठ टक्के आहे. ज्याला वर्षाला हजार राउंडच मारायचे आहेत त्याने तीन लॉट घ्यावेत आणि प्रत्येकाचे तीनच ग्रुप काढावेत. त्याला सर्वोत्तम लॉट सापडेलच असे नाही, पण वाईट लॉट नक्की टळतो.

लॉट ठरल्यावर

निर्णय झाला की त्याच दिवशी विक्रेत्याला लॉट क्रमांक सांगून परवान्यात बसेल तेवढा साठा नोंदवावा. लॉट संपतात, आणि संपलेला लॉट परत बनत नाही. राउंड घरी कुलपात, कोरड्या आणि थंड जागी ठेवावेत. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि मे महिन्यात बंद गाडीत खोके कधीही सोडू नये, कारण गोळीवरील वंगण मऊ होऊन एका बाजूला ओघळते आणि चाचणीत निवडलेला लॉट आपल्याच हातून बिघडतो.

राउंडच्या बुडाच्या कडेची जाडी मोजून किंवा वजन करून त्यांची वर्गवारी करणारे लोक आहेत. स्वस्त राउंडमध्ये त्याने थोडा फरक पडू शकतो, पण चांगल्या लॉटवर ते करत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. नळीच्या तोंडाशी ट्यूनर (नळीचे कंपन जुळवणारे फिरते वजन) असेल तर तो लॉट ठरल्यानंतरच फिरवावा, आधी नाही. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही.

निवडलेल्या लॉटची दोन खोकी वेगळी बांधून त्यावर तारीख घालून ठेवावीत. सहा महिन्यांनी किंवा काही हजार राउंडनंतर गुण घसरू लागले तर या राखून ठेवलेल्या राउंडचे चार ग्रुप टेबलावरून काढावेत. ते पूर्वीसारखेच आले तर दोष राउंडचा किंवा नळीचा नाही. ब लॉटची अशी दोन खोकी माझ्या कपाटात आहेत. गेल्या महिन्यात विद्यार्थिनीचे गुण सहाने घसरले तेव्हा त्यातले चाळीस राउंड आम्ही मारले, सरासरी १५.४ आली. त्यानंतर तिने स्वतःच जॅकेटचे बटण आणि स्लिंगचे भोक तपासले. स्लिंग एका भोकाने सैल बांधली जात होती.